कृषी पत्रकार व्हायचंय, पण पदवी कोणती?

या वेळचं पत्र शेवगाव तालुक्यातल्या एका मुलीचं आहे. थोडं कापून देते.

‘ताई, मी बारावी सायन्सला आहे, ग्रुप पीसीबी. आमची साडेतीन एकर जमीन आहे, कपाशी आणि तूर असते, पाणी असलं तर कांदा. मागच्या वर्षी गावात कृषी महाविद्यालयाच्या मुली, कृषिकन्या, राहायला आल्या होत्या. मी त्यांच्याबरोबर गावभर हिंडले, त्यांचं बीजप्रक्रियेचं प्रात्यक्षिक मोबाइलवर शूट केलं आणि गावाच्या ग्रुपवर टाकलं. तेव्हापासून शेतीचीच पत्रकार व्हायचं डोक्यात बसलंय. आता एका खासगी विद्यापीठाचा माणूस घरी येऊन गेला. ‘अ‍ॅग्री मीडिया’ची तीन वर्षांची डिग्री, वर्षाला 1 लाख 80 हजार फी, होस्टेल वेगळं. नोकरीची हमी आहे म्हणतो, आणि महिनाअखेरपर्यंत 25 हजार भरून सीट धरून ठेवा म्हणतो. पप्पा म्हणतात, एक एकर गहाण टाकू पण तुझं अडू देणार नाही. मामा म्हणतो, सरळ बीए कर, वर पत्रकारितेचा डिप्लोमा कर, कशाला एवढा खर्च. आम्ही ओबीसीत येतो. धाकटा भाऊ नववीत आहे. कमी पैशांत हे शिक्षण कुठं मिळेल?’

बाळा, आधी पप्पांना सांग की एकर आहे तिथं राहू द्या आणि ते 25 हजार भरू नका. बाकीचं सावकाश बोलू.

त्या माणसाचा हिशेब पाहा. तीन वर्षांची फी 5 लाख 40 हजार. त्यात होस्टेल, मेस, जाण्यायेण्याचा खर्च, प्रोजेक्ट आणि टूरचे पैसे मिळव. पहिल्या वर्षाचीच फी पुढंही राहील असं त्यानं लिहून दिलंय का, तेही विचार. एवढं करून हातात काय पडणार, तर ‘अ‍ॅग्री’ हा शब्द छापलेली एक पदवी. उद्या कृषी सहायकाची (आता सहायक कृषी अधिकारी म्हणतात) भरती निघाली, बँकेची कृषी अधिकाऱ्याची परीक्षा आली, किंवा एमएस्सी (कृषी) करावंसं वाटलं, तर तिथं कृषी शाखेचंच शिक्षण मागतात. नावात अ‍ॅग्री असलेली मीडियाची पदवी तिथं चालत नाही. आणि ‘नोकरीची हमी’ त्यानं कुठल्या कागदावर दिलीय? मागच्या दोन तुकड्यांतल्या मुलांची नावं आणि ती आज कुठं काम करतात, एवढं त्याच्याकडून माग. पुढचा फोन तो करणार नाही, असा माझा अंदाज आहे.

आता तुझा मूळ प्रश्न. आपल्या राज्यात चार कृषी विद्यापीठं आहेत: राहुरीचं महात्मा फुले, अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख, परभणीचं वसंतराव नाईक मराठवाडा आणि दापोलीचं डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ. यांच्यात बारावीनंतरची ‘कृषी पत्रकारिता’ अशी स्वतंत्र पदवी शोधत बसू नकोस. हा विषय बीएस्सी (ऑनर्स) कृषीच्या पोटात आहे. कृषी विस्तार (शेतीचं ज्ञान शेतकऱ्यापर्यंत पोचवण्याचं शास्त्र), संवाद कौशल्य हे विषय सगळ्यांना असतात, आणि ऐच्छिक विषयांच्या यादीत ‘कृषी पत्रकारिता’ नावानंच आहे. प्रत्येक महाविद्यालय तो ऐच्छिक विषय प्रत्यक्षात शिकवतंच असं नाही. प्रवेशाआधी तिथल्या चौथ्या वर्षाच्या एखाद्या मुलीला गाठून विचार, कार्यालयात विचारून खरं उत्तर मिळेलच असं नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की शेती वर्गात, प्रक्षेत्रावर (महाविद्यालयाच्या शेतावर) शीक, सरकारी खर्चात शीक, चार वर्षं पुरती शीक. पत्रकारिता त्याच्या बाजूनं आणि त्याच्यानंतर शिकता येते, आणि ती स्वस्त आहे. उलटं करायला गेलीस तर जमत नाही. पत्रकारितेची पदवी घेतलेली माणसं नंतर मृदाशास्त्र आणि कीडशास्त्र शिकायला बसल्याचं मी तरी फारसं पाहिलेलं नाही.

हे का म्हणते ते सांगते. समजा तुला लासलगावच्या कांद्याची बातमी करायची आहे. बाजार समितीकडून तीन आकडे येतात: किमान 700, कमाल 2,100, सर्वसाधारण 1,450. नवखा बातमीदार मथळा देतो, ‘कांदा 2,100 वर’. गावाकडचा माणूस ते वाचून ट्रॅक्टर भरतो आणि त्याच्या मालाला 1,300 मिळाले की व्यापाऱ्याला शिव्या देतो. कमाल दर एखाद-दुसऱ्या निवडक ट्रॉलीला मिळालेला असतो. बहुतेकांच्या पदरात काय पडलं ते सर्वसाधारण दर सांगतो. आवक किती झाली आणि माल उन्हाळ कांद्याचा की लाल, हे नसेल तर तोही आकडा अर्धाच. हे मीडियाच्या कोर्समध्ये कोण शिकवणार? तू तर कांदा पिकवणाऱ्या घरातली आहेस, तुला निम्मं आधीच ठाऊक आहे.

दुसरं त्याहून नाजूक आहे. कीटकनाशकाची मात्रा. कृषी विद्यापीठाच्या सल्ल्यात ‘प्रति 10 लिटर पाणी’ लिहिलेलं असतं आणि खाली एक ओळ असते की ही मात्रा साध्या पंपासाठी आहे. जागा कमी पडली म्हणून उपसंपादकानं ती ओळ उडवली, किंवा 10 लिटरचं एक लिटर केलं, तर त्याची किंमत वाचणाऱ्याचं पीक मोजतं. कधी माणूसही मोजतो. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्या बातम्या करताना लेबल क्लेम (कुठलं औषध कुठल्या पिकावर, किडीवर वापरायला मान्यता आहे) म्हणजे काय, दोन औषधं मनानं एकत्र केली तर काय होतं, फवारणारा उघड्या अंगानं का फवारतो, हे कळणाऱ्या बातमीदाराची बातमी वेगळी होती आणि नुसते आकडे मोजणाऱ्याची वेगळी. पीक विम्याचंही तसंच. 2025 च्या खरिपाआधी गारपिटीनं नुकसान झालं तर 72 तासांत कळवायचं असायचं, ती ओळ बातमीत चौथ्या दिवशी छापून काय उपयोग व्हायचा?

आता पैशाचं बोलू, कारण तुझ्या पत्रातला खरा काटा तो आहे.

8 जुलै 2024 च्या शासन निर्णयानं राज्यात ओबीसी, ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) आणि एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ झालं आहे. घरचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांच्या आत हवं. कृषी त्यात येतं. शासकीय महाविद्यालय असो, अनुदानित असो की कायम विनाअनुदानित, प्रवेश मात्र केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे सीईटीच्या कॅप राउंडमधून झालेला हवा. संस्थेच्या कोट्यातून, म्हणजे मॅनेजमेंटच्या जागेवर घेतला तर माफी नाही. आणि खासगी अभिमत विद्यापीठं आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं यातून वगळली आहेत. म्हणजे तो माणूस तुला जिथं नेऊ पाहतोय तिथं ही सवलत बहुधा नसेलच, आणि कॅपमधून सरकारी महाविद्यालयात गेलीस तर शिक्षण शुल्काचा प्रश्नच मिटतो. पप्पांना हा परिच्छेद मोठ्यानं वाचून दाखव.

उरतो तो राहण्याखाण्याचा खर्च, आणि तो उरतोच, त्यात फसवणूक नको. सरकारी महाविद्यालयाचं वसतिगृह मिळालं तर खोलीचा भार हलका होतो, पण मेसचं बिल दर महिन्याला येतं. शिवाय अनामत, जर्नल्स, प्रॅक्टिकलचे गणवेश, शैक्षणिक सहल. ओबीसी मुलामुलींसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे, सरकारी वसतिगृह न मिळाल्यास राहण्याखाण्यासाठी रक्कम थेट खात्यात येते. तिला जिल्हावार संख्येची मर्यादा असते, म्हणून तिच्यावर सगळा भरवसा ठेवू नको, पण अर्ज मात्र चुकवू नको. शुल्कमाफीचा महाडीबीटीवरचा (सरकारच्या शिष्यवृत्तीच्या संकेतस्थळावरचा) अर्ज तू स्वतः भर, सायबर कॅफेवाल्याच्या मोबाइल नंबरवर तर मुळीच नको. ओटीपी त्याच्याकडे जातो आणि तू पुढचे चार महिने त्याच्या दुकानाच्या पायऱ्या झिजवतेस.

महाविद्यालय निवडताना नकाशा समोर ठेव. राहुरी विद्यापीठाची सरकारी कृषी महाविद्यालयं पुणे, धुळे, कोल्हापूर, कराड, नंदुरबार इथं आहेत, आणि तुझ्याच जिल्ह्यात जामखेड तालुक्यात हाळगावला आहे. पुण्याचं महाविद्यालय 1907 चं, नाव मोठं, कटऑफही तसाच. पत्रकार व्हायचं असेल तर पुण्याचा एक जादा फायदा मी मान्य करते: वर्तमानपत्रांची कार्यालयं, आकाशवाणी, साखर संकुल, कृषी आयुक्तालय, मार्केट यार्ड सगळं एका शहरात. सुट्टीच्या दिवशी गुलटेकडीला पहाटे जाऊन उभं राहिलं तरी शिकायला मिळतं. पण शहर महाग आहे. वसतिगृह मिळणार असेल तरच पुणे पहिल्या पसंतीला टाक, नाहीतर हाळगाव किंवा धुळे काही वाईट नाही. खासगी विनाअनुदानित महाविद्यालय यादीत टाकायचं झालं तर सगळ्यात शेवटी, आणि तिथं जमीन खरंच किती आहे, प्रयोगशाळा चालू आहेत का, हे डोळ्यानं पाहून. काही ठिकाणी प्रक्षेत्र माहितीपुस्तिकेतल्या फोटोपुरतं असतं.

प्रवेश एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेच्या गुणांवर होतो, तुझा पीसीबी ग्रुप चालतो. शेतकऱ्याच्या मुलांना कृषीच्या प्रवेशात अधिभार (जादा गुण) देण्याची पद्धत आहे, त्यासाठी सातबारा लागतो. यंदाच्या माहितीपुस्तिकेत नेमके निकष वाच आणि सातबाऱ्यावर नाव पप्पांचं आहे की अजून आजोबांचंच, ते आत्ताच बघ. वारस नोंद राहिलेली असेल तर तलाठ्याकडं प्रवेशाच्या आठवड्यात धावपळ होते. परराज्यात जायची तयारी असेल तर सीयूईटी या देशपातळीवरच्या परीक्षेतून आयसीएआरच्या (भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या) कोट्यातही प्रवेश असतात, पण पहिल्या चार वर्षांसाठी तुला तो सल्ला मी देणार नाही. तुला मराठीत लिहायचंय, मराठी शेतकऱ्यात राहा.

सीईटीत गुण कमी पडले तर? एक वाट अशी आहे जिच्याकडं मुलं फिरकत नाहीत. परभणीच्या विद्यापीठात सामुदायिक विज्ञान महाविद्यालय आहे, पूर्वीचं गृहविज्ञान. तिथं विस्तार शिक्षण आणि संवाद व्यवस्थापनाचा विभागच आहे. नावामुळं लोक नाकं मुरडतात, ‘स्वयंपाक शिकायला जाते का’ म्हणतात. म्हणू देत. ग्रामीण बायकांचं आरोग्य, आहार, शेतकामातले कष्ट यांवर मराठीत नीट लिहिणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत. फक्त ही पदवी बीएस्सी कृषी नव्हे. कृषी अधिकाऱ्याच्या कोणत्या परीक्षांना ती चालते, हे आधी तपासून मगच पसंती टाक.

आणि मामांची वाट. मामा चुकीचं बोलत नाहीत, दुसऱ्या क्रमांकाचं बोलतायत. पत्रकारितेच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला कुठलीही पदवी चालते, हे खरं. तालुक्याच्या अनुदानित कॉलेजात बीए अगदी कमी पैशांत होईल, घरी राहून होईल. पण पत्रकारितेत पोट भरलं नाही तर बीएच्या जोरावर तू कुठं उभी राहणार? बीएस्सी कृषी असेल तर बँकेची कृषी क्षेत्र अधिकारी परीक्षा आहे, एमपीएससीची कृषी सेवा आहे, कृषी सहायक आहे, बियाणं-खतांच्या कंपन्या आहेत, शेतकरी उत्पादक कंपन्या आहेत. पत्रकारितेत सुरुवातीचा पगार कमी असतो, जिल्ह्याच्या पातळीवर तर काहींना बातमीमागं मानधन मिळतं. ज्या मुलीच्या मागं साडेतीन एकर आणि नववीतला भाऊ आहे, तिनं दुसरा दरवाजा उघडा ठेवूनच या धंद्यात यावं. चौथं वर्ष जास्त जातं, ते त्या दरवाजाचं भाडं समज.

पत्रकारिता मग कुठं शिकायची? पदवीनंतर तीन वाटा आहेत. पुण्याचं रानडे इन्स्टिट्यूट, म्हणजे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा पत्रकारितेचा विभाग. अमरावतीला भारतीय जनसंचार संस्थेचं केंद्र आहे, तिथं मराठी पत्रकारिताही शिकवतात. आणि नोकरी करत शिकायचं असेल तर नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचे किंवा इग्नूचे अभ्यासक्रम. शिक्षणातच पुढं जायचं असेल तर एमएस्सी (कृषी) विस्तार शिक्षण. उत्तराखंडातल्या पंतनगर कृषी विद्यापीठात तर कृषी संवाद हाच स्वतंत्र विभाग आहे आणि ‘पंतनगर जनवाणी’ हे त्यांचं कम्युनिटी रेडिओ केंद्र आहे. तेव्हा मात्र परराज्यात जा, खुशाल जा. विस्तार शिक्षणातली एमएस्सी असेल तर कृषी विज्ञान केंद्रात विषय विशेषज्ञाच्या जागेसाठीही अर्ज करता येतो.

पण खरं शिकणं त्याआधी सुरू होतं, आणि त्याला फी नाही. तू ज्या कृषिकन्यांबरोबर हिंडलीस त्यांची बातमी तालुक्याच्या पेपरात आली असेल. काढ ती. मी न वाचता सांगते, त्यात प्राचार्यांचं नाव असेल, कार्यक्रम समन्वयकांचं असेल, सरपंच, उपसरपंच, ‘आदी मान्यवर उपस्थित होते’ असेल. आणि बियाण्याला काय लावलं, किती लावलं, आधी काय आणि नंतर काय, यातलं एक अक्षर नसेल. ती बातमी पुन्हा लिही. तुरीचं बियाणं असेल तर किलोला 5 ग्रॅम ट्रायकोडर्मा, मग 10 किलोला 250 ग्रॅम रायझोबियम, हे जिवाणू खत नेहमी शेवटी, सावलीत सुकवून लगेच पेरणी. हे दीडशे शब्दांत असं लिही की तुझ्या आजीला वाचून दाखवलं तर तिनं एकही प्रश्न न विचारता पाटी घेऊन उठावं. मान्यवर शेवटच्या ओळीत बसव, किंवा नकोच.

चौथ्या वर्षी तू स्वतः कृषिकन्या म्हणून एखाद्या गावात राहशील. मुलं तो काळ रांगोळीनं गावाचा नकाशा काढण्यात आणि बॅनरसमोर फोटो काढण्यात घालवतात. बातमीदारासाठी याच्याइतकं चांगलं प्रशिक्षण नाही: एकच गाव, तीच माणसं, रोज. कोण कर्जात आहे, कोणाची बोअर आटली, कोणत्या दुकानदाराच्या शब्दावर गाव फवारतं, हे तिथं कळतं. तोवर ‘अ‍ॅग्रोवन’ हे शेतीचं दैनिक रोज वाच, कृषी विभागाचं ‘शेतकरी’ मासिक चाळ, राहुरी विद्यापीठाची ‘कृषिदर्शनी’ घरात असू दे. दूरदर्शनवर ‘आमची माती आमची माणसं’ बघताना शेतकऱ्याला प्रश्न कसे विचारतात त्याकडं लक्ष दे, आणि कुठला प्रश्न विचारायचा राहिला तेही लिहून ठेव.

तुझ्या शेजारच्या नेवासा तालुक्यात तरवडी आहे. तिथून मुकुंदराव पाटलांनी ‘दीनमित्र’ हे साप्ताहिक वर्षानुवर्षं चालवलं, खेड्यात छापून, खेड्यातल्या माणसासाठी. एकदा जाऊन ये, बसनं अर्ध्या दिवसाचं काम आहे.

मोबाइलचं थांबवू नको. फक्त एक पथ्य पाळ: कुठल्याही औषधाचं नाव आणि मात्रा सांगणारा व्हिडिओ टाकण्याआधी जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा कृषी सहायकाला विचारून खात्री कर. आणि एखाद्या कंपनीचा माणूस ‘आमच्या टॉनिकचा व्हिडिओ कर, दोन हजार देतो’ म्हणाला, तर नको म्हण. सुरुवातीलाच म्हण, नंतर म्हणणं अवघड जातं.

या महिन्यात करायचं ते एवढंच. सीईटीचा फॉर्म आणि अभ्यास. उत्पन्नाचा दाखला, अधिवास, नॉन-क्रिमिलेअर, सातबारा आणि आठ-अ एका फाइलीत. आणि जात वैधता प्रमाणपत्र. ओबीसीच्या राखीव जागेवर प्रवेश घेताना ते लागतं, आणि दरवर्षी गुण असूनही कितीतरी मुलं याच एका कागदापायी रडकुंडीला येतात. बारावीत असताना कॉलेजमार्फत अर्ज करता येतो. अजून केला नसशील तर उद्याच कॉलेजच्या कार्यालयात जा, वडिलांच्या बाजूच्या कुणाकडं आधीची वैधता असेल तर तिची झेरॉक्स सोबत जोड, आणि अर्जाची पोच मागून घे.